चौबळांचं हीटसिंक

चौबळांनी माझ्याकडून आयुष्यात एकच ड्रॉइंग करून घेतलं, आणि तेही कशाचं आहे हे न सांगता.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंग गिरवून काढणारी, होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमच्याकडे विजेची कंट्रोल पॅनेल बनायची. चौबळ इन्स्पेक्शन खात्यात होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालावर संशय घेण्याचा त्यांना पगार मिळत होता. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले, मागे कोण आहे ते बघून घेतलं आणि वहीचं एक पान पुढे ठेवलं. पानावर कंगव्यासारखी आकृती होती. खाली सपाट पाठ, तिच्यावर उभी सात पाती.

"राणेबाई, एवढं स्केलवर काढून द्याल? भोकं मी सांगतो तिथेच."

"कशाचं आहे?"

"भोकांचं."

मी काढून दिलं. त्यांनी मूळ पान मागून घेतलं, ट्रेसिंग घेतलं, आणि माझ्या ड्रॉइंगच्या पाटीवरचा खालचा कोरा कागदही उचलला. त्यावर पेन्सिलीचे ठसे उमटले असतील, म्हणून.

आम्ही दोघं बदलापूरचे, एकाच गल्लीतले, सकाळी एकाच कंपनीच्या बसने जाणारे. तरी त्या आकृतीचा उलगडा मला चौबळांकडून झाला नाही. त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी केला. "अहो, घरी अँप्लिफायर बनवतायत. गाण्याचं यंत्र. चार वर्षं झाली. अजून गाणं काही ऐकलेलं नाही मी त्यावर."

चौबळ कशावरच विश्वास ठेवत नसत. त्यात कोणाबद्दल दुष्टावा नव्हता, हे मला खूप उशिरा कळलं. बसमध्ये कुणी म्हणालं, आज पेपरात असं आलंय, की चौबळ खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "असं ते म्हणतात." वेळ विचारली तर, "सव्वासात, असं घड्याळ म्हणतं." कारखान्याचा भोंगा दीड मिनिट पुढे आहे, हे त्यांनी दोन महिने रोज टिपून ठरवलं होतं. घरी ताप मोजायला त्यांच्याकडे तीन थर्मामीटर होते. दोन एकमेकांवर लक्ष ठेवायला आणि भांडण झालं तर निकालाला तिसरा. नाट्यगीतांची एक कॅसेट आणली, तर ती जरा जोरात पळते आहे असं त्यांचं म्हणणं. गायिकेचा आवाज मुळात एवढा चढा असणार नाही. मग मनगटी घड्याळ लावून एकेक गाणं मोजायचं.

या माणसाने अँप्लिफायर बनवायला घ्यावा, यात नवल नव्हतं. बाजारातल्या तयार सेटच्या आत काय भरलंय ते दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती.

एकदा कुसुमताईंनी भाजणी न्यायला बोलावलं तेव्हा ते यंत्र मी पाहिलं. चौबळ गॅलरीत पाटावर बसले होते. पुढ्यात ते सात पात्यांचं अॅल्युमिनियम, आणि हातात पेटलेली उदबत्ती. शेजारच्या काकूंनी त्यांना असं बसलेलं पाहून, चौबळ हल्ली त्या पेटीची पूजा करतात, असं गल्लीभर सांगितलं होतं. मला पाहून त्यांनी उदबत्ती विझवली. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि ती पुन्हा पेटवली. बहुधा मी ड्रॉइंगबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं, याची त्यांनी खात्री करून घेतली असावी.

"बसा. आवाज मोठा करणारे जे ट्रान्झिस्टर असतात ना, ते तापतात," ते म्हणाले. मोठ्या शंकरपाळ्याएवढा, चपटा, धातूचा एक तुकडा त्यांनी तळहातावर ठेवला. "फार तापला की हा जास्त करंट ओढतो. जास्त ओढला की आणखी तापतो. शेवटी मरतो. म्हणून त्याची उष्णता काढून घ्यायला हे हीटसिंक. आता बघा."

पाती उभी राहतील असं हीटसिंक त्यांनी धरलं. ते इस्त्रीवर तापवून घेतलं होतं. खाली उदबत्ती आणली तशी धुराची रेघ पात्यांच्या फटींत शिरली आणि सरळ वर चढून गेली. मग त्यांनी ते आडवं केलं. धूर पात्यांखाली घुटमळला, कडेने फुटला आणि भलतीकडे गेला.

"गरम हवेला वर जायचं असतं. वाट दिली तर खालून गार हवा आपोआप येते. आडवी पाती म्हणजे सात कोंडवाडे. लोक मोठ्यातलं मोठं हीटसिंक आणतात आणि लावतात आडवं. शोभेला. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे, पण म्हटलं बघावं."

तापमान ते हाताच्या मागच्या बाजूने बघायचे. आधी मागच्या बाजूने अंदाज, मग बोट. पाच आकडे म्हणेपर्यंत बोट ठेवता आलं तर ठीक. चहाचा पेलाही ते असाच तपासायचे.

सुटे भाग ते उल्हासनगरला घ्यायचे. तिथे होतूमल नावाच्या सिंधी गृहस्थांचं छोटं दुकान होतं. पुढे रेडिओचे भाग, मागे भंगारातून आलेलं अॅल्युमिनियम आणि तांबं. होतू शेठ जाडजूड, संथ माणूस. गिऱ्हाइकाला ते 'साईं' म्हणायचे आणि चौबळांनाही तेच म्हणायचे, पण चौबळांच्या वेळी त्यात एक उसासा असायचा. नकली ट्रान्झिस्टर तेव्हा सर्रास मिळायचे. वरून छाप अस्सल, आत भलतंच. चौबळांनी यावर उपाय काढला होता. एकाच खोक्यातले पाच घ्यायचे आणि त्यातला एक दुकानातच करवतीने कापायचा. आतला सिलिकॉनचा ठिपका मोठा असेल तर अस्सल.

ही हकीगत मला होतू शेठनीच पुढे सांगितली. "पहले दिन मुझे गुस्सा आया, बहनजी. मेरी दुकान में मेरा माल काट रहा है. फिर मैंने सोचा, ये आदमी पैसा देके काट रहा है. काटने दो. अंदर ओरिजिनल निकला तो मुझे भी अच्छा लगा. मुझे भी कहाँ पक्का मालूम था."

हीटसिंकची निवडही तशीच. शेठ एक तुकडा काढायचे, चौबळ त्याच्या पाठीवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघायचे. पट्टीखालून उजेड दिसला की परत. ट्रान्झिस्टर जिथे बसणार ती जागा आरशासारखी सपाट हवी, नाहीतर मधे हवा राहते, आणि हवा उष्णता जाऊ देत नाही. काळा रंग जाड असेल तर नखाने खरवडून परत. पाती फार जवळजवळ असतील तर परत. शेवटी त्यांनी एक लांब अखंड पट्टा पसंत केला. त्याचं टोक वाकलेलं असू शकतं म्हणून टोक नाकारलं, आणि आतून सहा इंच आपल्या डोळ्यांसमोर कापून मागितलं. शेठची करवत तिरकी गेली. त्यावर दोघांचा वाद झाला. चौबळ म्हणाले, काप तिरका आहे. शेठ म्हणाले, "साईं, गाना तो सीधा निकलेगा ना."

यंत्र तयार झालं. कुसुमताईंनी गाणं ऐकलं. ते त्यांच्या अंबरनाथच्या भावाला इतकं आवडलं, की चौबळांनी त्याला दुसरा सेट करून दिला, तितक्याच काळजीने. महिन्याभरात तो जळला. चौबळांनी ट्रान्झिस्टर बदलले. तो पुन्हा जळला. या वेळी चौबळ सरळ उल्हासनगरला गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर होतू शेठना म्हणाले, "तुम मुझे काटने के लिए असली देते हो और बाकी नकली."

शेठनी म्हणे हातातलं काम बाजूला ठेवलं आणि आत निघून गेले.

नंतर जळलेले ट्रान्झिस्टर चौबळांनी घरी कापून पाहिले. आत मोठाच ठिपका होता. मग ते न कळवता मेव्हण्याकडे जाऊन धडकले. मेव्हण्याने सेट शोकेसच्या कप्प्यात मावत नव्हता म्हणून कुशीवर निजवला होता. पाती आडवी. वर क्रोशाचा रुमाल, त्याच्यावर फुलदाणी. मागची बाजू भिंतीला टेकलेली.

मेव्हण्याशी चौबळ सहा महिने बोलले नाहीत. उल्हासनगरला मात्र गेले नाहीत. "जायला हवं ना हो," कुसुमताई मला म्हणाल्या होत्या. "पण यांना माफी मागायची माहीतच नाही. चूक यांची निघालीच नव्हती कधी."

यानंतर तीनेक महिन्यांनी ते गेटवरचं प्रकरण झालं.

आमच्या स्टोअरमधून अॅल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे साच्यातून काढलेले लांब पट्टे, कमी भरत होते. आमच्या पॅनेललाही तसलेच पात्यांचे सेक्शन लागायचे. कुणीतरी बाहेर नेतंय अशी कुजबुज सुरू झाली आणि कारखान्याची हवाच बदलली. स्टोअरचे लोक वर्कशॉपवाल्यांकडे बघेनात, वर्कशॉपवाले ड्रायव्हरांकडे. कॅन्टीनमध्ये मी बसले की शेजारचं टेबल गप्प व्हायचं, आणि मग मलाही वाटायला लागायचं की हे गप्प का झाले. सुरक्षा अधिकारी नवीन होते. लष्करातून आलेले, म्हणून सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. त्यांनी सुटताना प्रत्येकाची पिशवी उघडायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी चौबळांच्या डब्याच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेलं, ते सहा इंची हीटसिंक सापडलं.

गेटवर चामटोलीचा भोईर ड्युटीला होता. साधा, भिडस्त माणूस. तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाय, मी बघून न बघितल्यासारखा करनार व्हतो. पन कॅप्टनसायब मागंच उभा." चौबळांना रांगेतून बाहेर घेतलं. त्यांनी सांगितलं की वस्तू त्यांची आहे. आपल्या सेटमधलं हीटसिंक उतरवून त्याची पाठ किती सपाट आहे ते सरफेस टेबलवर तपासायला आणली होती. सरफेस टेबल म्हणजे इन्स्पेक्शनमधला तो अगदी सपाट घासलेला लोखंडी ओटा. त्यावर निळा रंग पातळ पुसायचा आणि वस्तू घासायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळं लागतं.

"आत आणताना गेटवर नोंद केली?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

चौबळांनी नोंद केली नव्हती. का, तर नोंद केली की काय आणलं, कशाला आणलं हे सगळ्यांना कळलं असतं. आपण काय बनवतोय ते कोणाला कळू नये, एवढ्यासाठी त्यांनी ते डब्याखाली लपवून आत नेलं होतं. आता लपवलेली वस्तू आत जाताना कोणी बघितली नव्हती, आणि बाहेर येताना सगळ्यांनी बघितली होती.

त्यांना घरी बसवलं. चौकशी लागली. तिसऱ्या दिवशी मला पर्सोनेल मॅनेजरांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं ट्रेसिंग होतं. चौबळांच्या ड्रॉवरमध्ये सापडलं म्हणे. तीच सात पाती.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"ही वस्तू त्यांनी कुठून आणली, तुम्हाला माहीत आहे?"

मला उदबत्तीचा धूर आठवत होता. कुसुमताईंनी सांगितलेलं उल्हासनगरचं दुकानही आठवत होतं. पण त्याच क्षणी मला तेही आठवलं, की ड्रॉइंग करून घेताना त्यांनी माझ्या पाटीवरचा कोरा कागद उचलला होता. खरं काम करणारा माणूस कोरा कागद कशाला उचलेल, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कुसुमताई दारात आल्या. चौबळ खुर्चीतून हलत नव्हते, कुणाकडे जायला तयार नव्हते. "ते म्हणतात, जगात माझ्या बाजूने सांगेल असा एकच माणूस आहे आणि त्याला मी चोर म्हणून आलोय. राणेबाई, मला दुकान माहीत नाही आणि माझं हिंदी म्हणजे... येता का बरोबर?"

आम्ही उल्हासनगरशेजारच्या विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून विचारत विचारत गेलो. होतू शेठनी आम्हाला स्टुलं दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चौबळांची फजिती ऐकून हा माणूस सुखावतोय की काय, असा संशय मला येत होता. बोलणं संपल्यावर ते उठले आणि मागच्या भंगारात शिरले. पत्र्यांचा खडखडाट बराच वेळ चालला. मग ते एक लांब पट्टा घेऊन बाहेर आले. त्याचं एक टोक तिरकं कापलेलं होतं.

"बाकी का टुकडा," ते म्हणाले. "किस टाइम आना है?"

सोमवारी दहा वाजता होतू शेठ गोणपाटात गुंडाळलेला तो पट्टा खांद्यावर घेऊन आमच्या गेटवर उभे राहिले. शेठ येणार हे मी सकाळीच मॅनेजरांना कळवलं होतं, म्हणून चौबळांनाही बोलावलं होतं. इन्स्पेक्शन खात्यात मॅनेजर, कॅप्टनसाहेब आणि स्टोअरचे साहेब जमले. मला ट्रेसिंगसाठी थांबवून घेतलं होतं.

कॅप्टनसाहेबांनी आधी शेठनाच धरलं. "हमारे माल जैसा माल तुम्हारे पास कैसे आया?"

तेव्हा मला कळलं, की हा माणूस इथे येऊन स्वतः अडकू शकतो. चोरीचा माल घेणारा म्हणून. त्यांनाही ते आधीच कळलेलं असणार. ते शांतपणे म्हणाले, "वर्कशॉप बंद हुआ था, उसके भंगार में आया. भंगारवाला यहीं विठ्ठलवाडी में है. गाड़ी निकालो, अभी चलते हैं. लेकिन पहले ये देख लो."

चौबळांच्या हाताखालचा ज्युनिअर इन्स्पेक्टर होता, त्याने दोन्ही तुकडे सरफेस टेबलवर ठेवून एकमेकांना लावले. तिरका काप तिरक्या कापाला बसला. करवतीच्या रेघा एकात एक गेल्या. शिवाय पट्ट्याच्या चौथ्या पात्यावर, तो साच्यातून निघतानाच पडलेली, एक बारीक अखंड रेघ होती. तीच रेघ सहा इंचांच्या तुकड्यावरून तशीच पुढे जात होती. स्टोअरमधून आमचे पट्टे आणले. त्यांच्यावर ती रेघ नव्हती.

पोरगा उत्साहाने म्हणाला, "सर, मॅच होतंय."

चौबळ भिंतीपाशी हात मागे बांधून उभे होते. त्यांना कशाला हात लावायची परवानगी नव्हती. त्या सगळ्या वेळात ते एवढंच बोलले. "उजेडाकडे धर. आणि उलटं करून परत बघ. एकदा बघून पास करू नकोस."

त्याने तीनदा बघितलं. कॅप्टनसाहेबांनी स्वतः बघितलं. मॅनेजरांनी चौबळांना उद्यापासून कामावर यायला सांगितलं. माफी कुणी मागितली नाही. सेक्शन कोण नेत होतं, का स्टोअरची मोजणीच चुकत होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी, चौबळ आणि शेठ गेटबाहेर आलो. कुसुमताई तिथे सकाळपासून थांबल्या होत्या. रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. मग चौबळ म्हणाले, "तुम क्यों आए?"

कुसुमताईंनी डोळे मिटून घेतले. मलाही वाटलं, या माणसाने निदान आज तरी हे विचारू नये. पण होतू शेठना त्यात वावगं वाटलं नाही.

"साईं, माल मेरा था. मेरे माल को कोई चोरी का बोलेगा तो आना पड़ेगा ना. आपके लिए नहीं आया."

चौबळांनी हे नीट ऐकलं. तपासून घेतल्यासारखं. त्यांचे खांदे जरा खाली आले. दयेपोटी आलो म्हटलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं नसतं. मग ते म्हणाले, "वो ट्रान्झिस्टर ओरिजिनल थे."

"मालूम है."

"मुझे मालूम होके तीन महीना हुआ."

"वो भी मालूम है. आपका साला आया था, नया लेने. सेट सुलाके रखा था बोला."

रिक्षा आली. शेठनी गोणपाट आत टाकलं आणि गेले.

माझं ओझं मात्र तसंच होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी चौबळांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगून टाकलं. "मला विचारलं तेव्हा मी 'माहीत नाही' म्हणाले."

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः कुठे पाहिलं होतं? ऐकीव होतं. माहीत नसताना हो म्हणाला असतात, तर पुढे मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता."

ते वाक्य उलटं वाचलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या लक्षात यायला बस रेल्वे स्टेशन ओलांडून पुढे जावी लागली.

त्यानंतर ते गेटवर प्रत्येक वस्तूची नोंद करायचे. छत्री, चष्म्याचं घर, एकदा तर दोन पेरू. भोईर कंटाळायचा, पण लिहून घ्यायचा. उल्हासनगरच्या फेऱ्याही सुरू झाल्या. शेठच्या दुकानात करवत आता चौबळांसाठी वेगळी ठेवलेली असायची, असं कुसुमताई सांगायच्या.

पुढे माझी नोकरी पुण्याला गेली. चौबळही निवृत्त झाले आणि बदलापूरातच सोनिवलीकडे नव्या इमारतीत राहायला गेले. बिल्डरने भिंती काटकोनात बांधल्या नाहीत, हे त्यांनी मला पत्राने कळवलं होतं, आकृतीसकट.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकात, एका मे महिन्याच्या दुपारी. भाचीच्या लग्नाची खरेदी म्हणून उल्हासनगरला गेले होते. बाजार जेवणाच्या वेळेला सुस्तावलेला. होतू शेठच्या दुकानावरून जाताना सहज आत डोकावले. शटर अर्धं खाली होतं. आत बाकड्यावर शेठ आडवे झाले होते. पूर्वीपेक्षा खूप वाळलेले, छातीवर हात, एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी. उंबऱ्यापाशी स्टूल टाकून चौबळ बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच सांगितलं, चार वाजता ये.

मला त्यांनी लगेच ओळखलं. मी बोलायला तोंड उघडलं तर ओठांवर बोट ठेवलं. मी शेठकडे बघून खुणेने विचारलं, झोपलेत का?

चौबळ मागे वळले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"डोळा मिटलाय," ते अगदी हळू म्हणाले. "झोप लागलीय की नाही ते सांगता येत नाही. म्हणून बसलोय."